बाटली भिंतीवर, हात पेशंटवर

मागच्या अंकात या पानावर सॅनिटायझरबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, तर त्याच्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळचं सगळं पान त्यालाच द्यावं लागतंय. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून आलेत, आणि गंमत म्हणजे बहुतेक लिहिणारे दवाखान्यातच काम करणारे आहेत. कोरोना गेला तशी घरातली बाटली फ्रीजच्या मागे कुठेतरी गेली, वॉर्डातली मात्र भिंतीवर तशीच आहे, आणि ती नेमकं काय करते हे विचारायला लोकांना आत्ता सवड मिळाली असं दिसतंय. नाव कोणाचंच छापत नाहीये, दवाखान्याचंही नाही, तसं सगळ्यांनीच सांगितलंय.

ताई, मी जळगावला एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आमच्या मॅट्रन म्हणतात की साबणाने धुतलेला हात तोच खरा, सॅनिटायझर म्हणजे नुसता वास. आणि बाटलीवर तर ९९.९ टक्के जंतू मरतात असं लिहिलेलं असतं. खरं कोणाचं?

सिस्टर, मॅट्रन मॅडमच्या जमान्यात त्यांना तसंच शिकवलेलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर चिडू नका, पण हातावर डोळ्याला दिसणारी घाण नसेल तर आयसीयूत सॅनिटायझर साबणापेक्षा सरस ठरतो, हे आता नीट मोजून झालेलं आहे. मोजतात कसं, तर मुद्दाम हाताला जंतू लावतात, मग हात धुवायला किंवा चोळायला लावतात आणि किती उरले ते बघतात. समजा हातावर एक लाख जंतू आहेत. साध्या साबणाने १५ सेकंद धुतले तर त्यातले ८ ते २५ हजार तसेच राहतात, आणि खरं सांगा, ड्युटीवर आपण १५ सेकंद तरी धुतो का? ३० सेकंद धुतले तर दीडशे ते सोळाशेच्या आसपास उरतात, म्हणजे बराच फरक. अल्कोहोलचा रब, म्हणजे सॅनिटायझरच, ३० सेकंद नीट चोळला तर तीसेक उरतात. हे प्रयोगातले आकडे आहेत, तुमच्या धावपळीत इतके चांगले येणार नाहीत, पण दोघांमधलं अंतर कळायला पुरेसे आहेत.

९९.९ चं म्हणाल तर ते खोटं नाही पण अर्धवट आहे. लाखातले शंभर उरले तरी ९९.९ टक्के मेलेच की. आणि ते ठराविक जंतूंवर, ठराविक वेळ, भरपूर सॅनिटायझर घेऊन केलेल्या टेस्टचं असतं, तुम्ही फोन कानाला लावून चालता चालता एका हाताने पंप दाबता त्याचं नसतं.

काम कसं करतो तेही सांगते, कारण याच्यावर फार गैरसमज आहेत. अल्कोहोल जंतूच्या अंगातलं प्रोटीन नासवतं, दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसंच काहीतरी, आणि वरचं चरबीचं आवरण विरघळवतं. पण प्रोटीन नासायला थोडं पाणी लागतं. म्हणून शंभर टक्के शुद्ध अल्कोहोलपेक्षा ६० ते ९० टक्क्यांच्या मधलं जास्त चांगलं मारतं. आमच्याकडे एक डॉक्टरसाहेब होते, "प्युअर मागवा, डायल्यूट नको" म्हणून स्टोअरवाल्याच्या मागे लागायचे, त्यांना हे पटवता पटवता नाकी नऊ आले.

आता साबण कुठे हवाच ते. हाताला रक्त, लघवी, शी, उलटी, पू काहीही दिसतंय किंवा चिकट लागतंय, साबण. संडासहून आल्यावर साबण. पेशंटला अँटिबायोटिक्स सुरू असताना खूप जुलाब सुरू झालेत आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संशय आहे, तर साबणच, कारण त्याचे स्पोअर्स, म्हणजे जाड कवचात झोपून राहिलेले जंतू, अल्कोहोलला दाद देत नाहीत, ते चोळून आणि पाण्याने वाहवूनच घालवावे लागतात. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांनाही सॅनिटायझर कमी पडतो. इन्फ्लुएंझा, कोरोना, हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही यांच्यावर चरबीचं आवरण असतं, ते लवकर मरतात. खरजेच्या किड्यावर भरवसा ठेवू नका.

अजून एक, सॅनिटायझर लावून झाला की लगेच साबणाने धुवायची बऱ्याच जणींना सवय असते, डबल सेफ्टी म्हणून. त्याने जास्त काही मिळत नाही, कातडी मात्र जाते.

ताईसाहेब, वडलांना अमळनेरला ॲडमिट केलं होतं. दारावरच सॅनिटायझरची बाटली टांगलेली, पण मोठे डॉक्टर राउंडला आले ते या पेशंटचं पोट दाबलं, त्याची जखम बघितली, मग आमच्या वडलांची नाडी, हात कुठेच चोळला नाही. मी बघत बसलो. बोलायची हिंमत झाली नाही. बोलायला पाहिजे होतं का?

भाऊ, बोलायला पाहिजे होतं, पण तुमची हिंमत झाली नाही याचंही मला नवल वाटत नाही. आपल्याकडे डॉक्टरला उलटून बोलणं म्हणजे उद्या सलाईन कोण बघेल ही भीती असते.

तुमचे डॉक्टर काही एकटे नाहीत हे आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ ला हाताच्या स्वच्छतेवर जाडजूड गाइडलाइन काढली, त्यात जगभरातल्या पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी आहे, हात साफ करायला हवा होता अशा शंभर वेळांपैकी फक्त ३८.७ वेळा केला गेला. बऱ्याच पाहण्यांमधे डॉक्टर नर्सपेक्षा मागे सापडलेत. हे वाचून आमच्या सिस्टर्स खूश होतील, पण सिस्टर्सचाही आकडा काही मिरवण्यासारखा नसतो.

हात साफ करायला लावला की डॉक्टर रागावतात हेही जुनंच आहे. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिलं की पोस्टमॉर्टेम करून थेट बाळंतपणाच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टर आणि विद्यार्थ्यांमुळे बायका तापाने मरतायत. त्या एप्रिलमधे वॉर्डातल्या १८.३ टक्के बाळंतिणी गेल्या होत्या, मे मधे त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवायला लावले आणि जूनमधे हे प्रमाण २.२ टक्क्यांवर आलं. त्याचे आभार मानायचे सोडून बरोबरीचे डॉक्टर चिडले, की आमचे हात घाण म्हणतोस काय.

तर मुद्दा बाटलीच्या जागेचा. दारावर टांगलेली बाटली इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांना दिसते, काम करणाऱ्याच्या हाताशी येत नाही. चौथ्या खाटेवरून पाचव्या खाटेकडे जाताना कोण दारापर्यंत जाऊन परत येणार? जिनिव्हाच्या मोठ्या हॉस्पिटलमधे डॉक्टर पिटे यांनी १९९४ पासून हेच केलं, बाटल्या खाटेपाशी आणल्या, खिशात मावतील अशा छोट्या बाटल्या वाटल्या, भिंतीभिंतीवर पोस्टर लावले आणि मॅनेजमेंटला त्याच्यात ओढलं. १९९४ ला हात साफ करण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं ते १९९७ ला ६६ वर गेलं आणि हॉस्पिटलमधे आल्यावर लागणारं इन्फेक्शन १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. लक्षात घ्या, शंभरातल्या ६६ वेळाच, तरी एवढा फरक पडला. त्याच सुमारास १९९७ ला दुसऱ्या एका अभ्यासात हिशोब मांडला होता, की आयसीयूत १२ जणांनी एका शिफ्टमधे प्रत्येक वेळी बेसिनवर जाऊन साबणाने हात धुवायचे ठरवले तर सगळ्यांचा मिळून १६ तास त्यातच जातील, खाटेपाशी रब असेल तर ३ तास. आमच्याकडे एका सिस्टरवर किती पेशंट असतात ते मी लिहायला नको, तुम्ही अमळनेरला पाहिलंच असेल. म्हणून कोणी "नर्स लोक आळशी झालेत" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आधी बाटली हाताशी द्या, ती भरलेली ठेवा, मग बोला.

पाच वेळा असतात हात चोळायच्या. पेशंटला हात लावायच्या आधी, सलाईन-इंजेक्शन-ड्रेसिंगसारखं काही करायच्या आधी, रक्त किंवा पेशंटच्या शरीरातलं कुठलंही पाणी अंगावर यायची शक्यता होती असं काही केल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटला हात लावला नाही पण त्याच्या खाटेला, सलाईनच्या स्टँडला, लॉकरला लावला तरी. ही शेवटची कोणाच्या लक्षातच राहत नाही. आणि पहिली वेळ सगळ्यात जास्त चुकते, कारण नंतर हात चोळणं हे स्वतःसाठी असतं, आधी चोळणं हे समोरच्यासाठी असतं.

बोलायचं कसं, तर चारचौघात "हात धुतले का" असं विचारू नका, इगो आडवा येतो. छोटी बाटली वडलांच्या उशाशी ठेवा आणि डॉक्टर आले की पुढे करा, "साहेब, हे घ्या, आण्णांना शुगर आहे, इन्फेक्शनची भीती वाटते" असं म्हणा. बहुतेक जण घेतातच. राउंडला सोबत असणाऱ्या सिस्टरला आधी सांगून ठेवलं तर अजून बरं. आणि हो, भेटायला येणारे नातेवाईक, ते पिशवीतून केळी काढतात, पेशंटच्या तोंडावरून हात फिरवतात, लहान पोराला खाटेवर बसवतात, त्यांच्याही हातावर टाका की तीच बाटली.

मी आशा आहे, धडगाव तालुक्यात. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा दिवसांना बाळ बघायला पाड्यावर जावं लागतं. वर चढताना दगडं धरून चढावं लागतं, हात मातीचे होतात, आणि पाणी खाली नाल्यात. सॅनिटायझरवर भागवलं तर चालेल का?

आशाताई, तुमच्या पत्राला सगळ्यात आधी उत्तर द्यायला पाहिजे होतं. शहरातले लोक सॅनिटायझरवर वाद घालतात पण त्याची खरी गरज जिथे बेसिन नाही, नळ नाही तिथे आहे, तुमच्यासारख्यांना, उपकेंद्रातल्या एएनएमला, नर्मदेकाठी तरंगत्या दवाखान्यावर काम करणाऱ्यांना.

मातीच्या हातावर मात्र सॅनिटायझर वाया जातो. माती, शेण, घाम, तेल यांचा थर असला की अल्कोहोल जंतूपर्यंत नीट पोचत नाही, नुसता चिखल होतो बोटांवर. तर असं करा, पिशवीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि साबणाचा तुकडा ठेवा, हे पाणी प्यायच्या पाण्याहून वेगळं. घराशी पोचल्यावर दारातच बाळाच्या आजीला म्हणायचं पाणी सोडा जरा हातावर, आणि एकदा नीट धुवून घ्यायचे. अर्ध्या लिटरात होतं, धार बारीक ठेवायची. हात वाळू द्यायचे, ओल्या हातावर सॅनिटायझर पातळ होतो. त्याच्यापुढे मग बाळाचं वजन, थर्मामीटर, आईचं बघणं, परत बाळ, यांच्या मधे मधे सॅनिटायझर चालेल, प्रत्येक वेळी पाणी नको. बाळाला हात लावायच्या आधी हात पूर्ण कोरडा झालेला पाहिजे, वास गेलेला पाहिजे. बाळाची शी लागली तर परत साबण, तिथे सॅनिटायझर नाही.

तुम्हाला ट्रेनिंगमधे सुमन-के शिकवलं असेल, सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई, तेच सॅनिटायझरलाही लागू. सगळ्यात जास्त राहतो तो अंगठा आणि बोटांची टोकं, आणि आपण बाळाला नेमकं टोकांनीच हात लावतो.

बाटली चुलीपासून लांब ठेवा. पाड्यावरच्या घरात आत गेलं की चूल, बाज, बाळ सगळं एकाच खोलीत असतं म्हणून सांगते. हात चोळून लगेच चुलीवरचं काही उचलायला जाऊ नका.

पाणी नाही ही तक्रार धडगावचीच नाही बरं का, शिंदखेडा तालुक्यातून एका बाईंनी अहिराणीत एकच ओळ पाठवली, "ताई, आठे पानीच नही ते हात कसा धवू?" उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या उपकेंद्राला साबणाचं पोस्टर पाठवून काय होणार, तिथे रबचा कोटा वाढवून द्यायला हवा, हे मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना उद्देशून लिहितेय, हे पान त्यांच्या टेबलावर कोणीतरी ठेवा.

रावेर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे. आमचं स्टोअर पत्र्याचं. मे महिन्यात आत उभं राहवत नाही. सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन तिथेच असतात. स्फोट होईल का? आणि उन्हाने त्याची पॉवर कमी होते का?

भाऊ, रावेर-भुसावळचा मे म्हटल्यावर प्रश्न बरोबरच आहे, पारा ४५ च्या वर जातो तिथे.

नुसत्या उन्हाने कॅन आपोआप पेटत नाही. अल्कोहोल स्वतःहून पेट घ्यायला साडेतीनशे डिग्रीच्या वर तापमान लागतं, तेवढं तर तुमच्या पत्र्याखालीही होत नाही, गाडीतही नाही, ते गाडीतल्या बाटलीच्या स्फोटाचे फॉरवर्ड विसरा. पण, आणि हा पण मोठा आहे, ८० टक्के इथेनॉलची वाफ १७.५ डिग्रीलाच ठिणगी पकडण्याइतकी तयार असते, आयसोप्रोपिलच्या ७५ टक्क्यांची १९ डिग्रीला. म्हणजे खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर वर्षभर ती तयारच. ठिणगी मिळायचा अवकाश. तर त्या खोलीत बिडी-सिगारेट नाही, लूज वायरिंग नाही, इन्व्हर्टरची बॅटरी नाही, ऑक्सिजन सिलिंडर शेजारी नाही. एवढा साठा तिथे ठेवूच नका खरं तर, महिन्याचं लागेल तेवढं आणा, बाकी तालुक्याच्या स्टोअरला राहू द्या. सावलीची, वारा खेळणारी खोली असेल तर उत्तम, छपरावर पांढरा चुना मारला तरी फरक पडतो.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, काम करणाऱ्यांसाठी यातच सांगून टाकते, कॉटरी (विजेने भाजून रक्त थांबवायचं यंत्र) सुरू करायच्या आधी हात आणि पेशंटची स्किन दोन्ही पूर्ण वाळलेलं पाहिजे, घाईत तिथेच आग लागते.

पॉवरचं म्हणाल तर झाकण घट्ट असेल तर एक्सपायरीपर्यंत काळजी नाही. झाकण उघडं राहिलं की अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं, मागे राहतं ते कमी टक्क्याचं पाणचट, दिसायला तसंच. वॉर्डात पंप तुटलेल्या, वरून कापसाचा बोळा कोंबलेल्या बाटल्या मी इतक्या पाहिल्यात ना, त्या सरळ फेकून द्या. आणि उन्हाळ्यात हातावरही तो पटकन उडतो, त्यामुळे थोडा जास्त घ्यावा लागतो. चोळायला सुरुवात केल्यापासून दहा-पंधरा सेकंदातच हात कोरडा झाला तर समजायचं कमी घेतला होता. २० ते ३० सेकंद ओला राहिला पाहिजे, साधारण ३ मिली लागतो, पंपाप्रमाणे दोनेक दाब.

चोपड्याला एका क्लिनिकमधे कंपाउंडर आहे. साहेब लोकल कॅनमधून बाटल्या भरून घ्यायला सांगतात, स्वस्त पडतं. असली-नकली कसं ओळखायचं? आपणच बनवलं तर?

वासाने आणि रंगाने ओळखता येत नाही, हे पहिलं. निळा रंग टाकला की सगळंच हॉस्पिटलमधल्यासारखं दिसतं. लेबलवर काय आहे ते बघा, इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल, टक्के किती, लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्सपायरी. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर घेऊच नका. कॅनवर नुसतं "हँड सॅनिटायझर, लेमन" एवढंच लिहिलेलं असेल तर साहेबांना सांगा की फरशी पुसायलाही विचार करा. भीती मिथेनॉलची असते, ते स्वस्त असतं म्हणून भेसळीत येतं. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, कातडीतूनही शिरतं. २०२० च्या जूनमधे अमेरिकेच्या एफडीएने मिथेनॉलवाल्या सॅनिटायझरबद्दल जाहीर इशारा दिला होता.

बनवायचा फॉर्म्युला जागतिक आरोग्य संघटनेने उघड दिलेला आहे. दहा लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी. पेरॉक्साइड हातासाठी नसतं, बाटलीत आणि पाण्यात असलेले स्पोअर्स मारायला असतं, त्यासाठीच भरून झाल्यावर ७२ तास बाजूला ठेवायचं. ग्लिसरीन कातडीसाठी. पण हा फॉर्म्युला फार्मासिस्टच्या हाताखाली, अल्कोहोलमीटरने टक्के तपासून करायचा आहे. क्लिनिकच्या मागच्या मोरीत बादलीत ढवळायचा नाही. तुम्ही नका करू.

भरताना अर्ध्या बाटलीत वरून ओतू नका. संपू द्या, धुवा, वाळवा, मग भरा, वर तारीख टाका.

आणि सॅनिटायझर पाण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत कधीच भरू नका. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात ३१ जानेवारी २०२१ ला पोलिओच्या दिवशी १२ चिमुकल्यांना डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले होते, सगळ्यांना हॉस्पिटलला न्यावं लागलं, नशीब म्हणून पोरं बरी झाली. त्याच जिल्ह्यात वणीला त्याच वर्षी एप्रिलमधे दारूची दुकानं बंद म्हणून सॅनिटायझर प्यायलेले लोक गेले. वॉर्डात दारूचं व्यसन असलेला पेशंट असेल तर खाटेपाशी बाटली ठेवायची नाही, सिस्टरने खिशातली वापरायची, एवढा एकच अपवाद मी मानते.

धुळ्याला जीएनएमच्या (नर्सिंगच्या कोर्सच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. सॅनिटायझरने हात भाजल्यासारखे होतात, भेगा पडल्यात. म्हणून मी दिवसभर ग्लोव्हजच घालते. चालेल ना?

नाही बाळा, चालणार नाही. एकच ग्लोव्ह घालून दहा पेशंटला हात लावला तर दहा जणांचे जंतू फिरवलेस, फक्त तुझा हात तेवढा वाचला. ग्लोव्हला बारीक भोकं असतात, काढताना हाताला लागतं, म्हणून घालायच्या आधी आणि काढल्यावर दोन्ही वेळा हात साफ करायचाच. ग्लोव्हवरून सॅनिटायझर चोळून परत वापरायचा हा प्रकारही बंद कर, मला माहितीये करतात सगळे.

आता आग का होते. सॅनिटायझर लावल्यावर आग झाली म्हणजे बहुतेक वेळा कातडी आधीच फाटलेली आहे, आणि ती फाडतो शक्यतो साबण, सारखा सारखा, त्यात गरम पाणी. ग्लिसरीनवाला रब साबणापेक्षा कातडीला कमी त्रास देतो हे अभ्यासात दिसलंय, पण भेगांवर पडला की झोंबतो, आणि मुली तिथेच घाबरून परत साबणाकडे जातात, अजून भेगा पडतात. हे चक्र तोडायला हात विनाकारण धुणं कमी कर, गार पाण्याने धू, टिपून वाळव, चोळून पुसू नकोस. ड्युटी संपल्यावर आणि झोपताना जाड क्रीम लाव, खोबरेल तेलही चालेल, पण ड्युटीवर ग्लोव्हच्या आत तेल किंवा व्हॅसलीन नको, लॅटेक्स खराब होतं. दोन आठवड्यात कमी झालं नाही, किंवा पुरळ मनगटाच्या वर चढायला लागलं, तर स्किनच्या डॉक्टरला दाखव, एखादवेळी ग्लोव्हच्या रबराची किंवा सेंटची ॲलर्जी असते.

अंगठी काढून ठेव. नखं वाढवलेली, नेलपेंट टरकलेलं, खोटी नखं तर नकोच नको. बांगड्यांवरून मागे एका सिस्टरशी माझं भांडण झालं होतं, लग्न नवीन होतं तिचं, हिरवा चुडा, सासूबाईंचं म्हणणं उतरवायचा नाही. त्या चुड्यामुळे कलाई चोळलीच जात नाही. शेवटी ती ड्युटीला आल्यावर रुमालात बांधून ठेवायची आणि घरी जाताना घालायची, सासूबाईंना अजून माहीत नसेल.

मुक्ताईनगर तालुक्यात एएनएम आहे, घरी माळ आहे, एकादशी करते. अल्कोहोल अंगाला लागलेलं चालतं का हो?

चालतं माउली. आयसोप्रोपिल तर प्यायची दारूच नव्हे. हातातून आत जातं ते नगण्य. जगातल्या बऱ्याच धर्मांच्या लोकांना ही शंका आलीय, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या २००९ च्या गाइडलाइनमधे धर्म आणि हाताची स्वच्छता यावर वेगळं प्रकरणच आहे. वारीत आरोग्य पथकाला ड्युटी लागली तर दिंडीतल्या लोकांना सांगायला उपयोगी पडेल.

सॅनिटायझरने टीबी मरतो का? आणि अँटिबायोटिकसारखी जंतूंना याची सवय लागते का? — एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी), साक्री

टीबीचा जंतू अल्कोहोलने मरतो, पण टीबी हाताने पसरत नाही, हवेतून पसरतो. पेशंटच्या घरी गेल्यावर खिडकी उघडा, मास्क लावा, त्याला खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. हात चोळून टीबीपासून वाचलो असं समजू नका.

सवयीचा प्रश्न भारी विचारलात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या हॉस्पिटलमधले १९९७ ते २०१५ चे एन्टरोकोकस फेसियम जंतू तपासले, २०१८ ला ते छापून आलं, त्यात २०१० नंतरचे जंतू २००४ च्या आधीच्यांपेक्षा दहापट जास्त टिकाव धरतात असं दिसलं. पण ती टेस्ट २३ टक्के आयसोप्रोपिलची होती. आपण ७०-७५ टक्क्यांचा, पुरेसा, पूर्ण वेळ चोळला तर अजून तरी काम होतं. पाणी घालून वाढवलेलं कोणी वापरत असेल तर मात्र तो जंतूंना शिकवणीच देतोय.

ताई, मी वॉर्डात मावशीचं काम करते. खाटा पुसणं, चादरी बदलणं, पेशंटला शी-लघवीचं भांडं देणं. सिस्टर लोकांना खिशातली बाटली मिळाली, आम्हाला म्हणे गरज नाही. खरंच नाही का? माझं पत्र मुलीने लिहिलंय.

मावशी, गरज तुम्हाला आहेच. तुम्ही भांडं उचलता, त्यानंतर साबण, बाकी खाटेवरून खाटेवर जाताना रब. एका खाटेचं कठडं, लॉकर, सलाईनचा स्टँड पुसून दुसरीकडे जाता तेव्हा वॉर्डात सगळ्यात जास्त वस्तूंना हात तुमचाच लागतो, सिस्टरचा नाही. एप्रनला खिसा नसेल तर बाटली ट्रॉलीला बांधा. आणि मुलीला सांगा, हे उत्तर कापून सुपरवायझरला दाखव, मागणी तोंडी करू नको, कागदावर कर, खाली तुमच्यासोबतच्या सगळ्या मावश्यांच्या सह्या किंवा अंगठे घे, एक झेरॉक्स स्वतःकडे ठेव. हॉस्पिटलमधे इन्फेक्शन कंट्रोल कमिटी असते, अर्ज तिच्या नावाने टाकायचा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर मला परत लिहा.